जीन बँकेतल्या नमुन्यापासून ताण सोसणाऱ्या वाणापर्यंत: पायऱ्यांचा क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

जीन बँकेतून (पिकांच्या वाणांचं बी जिथे जपून ठेवतात तिथून) जुने वाण मागवायचे, पाणी तोडून बघायचं, जो शेवटपर्यंत हिरवा राहिला त्याचा चालू वाणाशी क्रॉस, म्हणजे संकर, करायचा आणि मग पुढची पाच-सहा वर्षं पिढ्या वाढवत बसायचं, शेवटी हातात येतं काय तर उंच वाढणारं, लोळणारं, कमी उत्पन्नाचं काहीतरी. असं खूप ठिकाणी होतं आणि दरवेळी दोष दिला जातो क्रॉसला किंवा मार्करला (डीएनएवरची खूण, जिच्यावरून झाडात हवं ते जनुक आलंय का ते कळतं). खरं तर क्रॉस करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. घोळ होतो तो त्याच्या आधी, म्हणजे ताण कुठला ते नीट ठरवलेलं नसतं आणि तो मोजायची पद्धत चुकीची असते. म्हणून या लेखात पहिल्या तीन टप्प्यांवरच जास्त वेळ घालवलाय, घाईत असाल तरी ते गाळू नका.

उदाहरणं भाताची जास्त आहेत कारण जीन बँकेतून निघून थेट शेतापर्यंत पोचलेली कामं भातात जास्त सापडतात. गहू, हरभरा, ज्वारीला पण क्रम हाच. मका, बाजरीसारख्या परपरागीकरणाच्या पिकांत टप्पा ४ पासून पद्धत बदलते, पहिले तीन मात्र जसेच्या तसे लागू होतात.

## टप्पा १: ताण कागदावर लिहून काढा

"दुष्काळ सहनशील वाण पाहिजे" हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा झाली. उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: ताण पिकाच्या कुठल्या अवस्थेत येतो, किती दिवस टिकतो, आणि किती तीव्र असतो.

हे एवढं का ताणून सांगतोय ते पुराच्या उदाहरणातून बघा. भाताच्या शेतात पाणी डोक्यावरून गेलं आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत ओसरलं, तर रोपाने वाढ थांबवून साखर जपून ठेवणं फायद्याचं, आणि ओडिशातल्या जुन्या वाणापासून निवडलेल्या एफआर१३ए मधलं सब१ए हे जनुक नेमकं तेच करतं. पण पाणी जर महिनोन् महिने खोल उभंच राहत असेल तर तिथे रोपाने भराभर कांडी लांबवून पाण्याच्या वर यायला पाहिजे, खोल पाण्यातल्या भातांत स्नॉर्कल नावाची जनुकं हे काम करतात. म्हणजे दोन्हीकडे ताण पाण्याचाच, पण एकीकडे झाडाने थांबायचं आणि दुसरीकडे पळायचं. आता कागदावर नुसतं "पूर सहनशील" लिहिलेला माणूस यातलं काय शोधणार?

दुष्काळाचं पण तसंच. हरभरा जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतो आणि शेवटी शेवटी कोरडा पडतो, तिथे खोल मुळं कामाची, पण खाली ओल असेल तरच. जमीनच उथळ असेल, फूटभर खाली मुरूम किंवा खडक असेल, तर खोल मुळांचं जनुक आणून काहीही होणार नाही. क्षारतेत भाताचं रोप लहानपणी नाजूक असतं, मधे बऱ्यापैकी सोसतं आणि फुलोऱ्यात परत नाजूक होतं, आणि रोपावस्थेत टिकणारा वाण फुलोऱ्यात टिकेलच असं अजिबात नाही, ते दोन वेगळे गुण धरूनच चाला. उष्णतेत भाताला सगळ्यात जास्त मार बसतो तो फूल उमलण्याच्या तासा-दोन तासांत, तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण नीट पडत नाहीत आणि दाणा पोकळ राहतो.

तपासून घ्या: ज्या भागासाठी वाण करताय तिथली किमान दहा वर्षांची पाऊस-तापमानाची नोंद काढा आणि तुम्ही लिहिलेला ताण त्या अवस्थेत किती वर्षं आला ते मोजा. दहापैकी दोनच वर्षं येत असेल तर उरलेल्या आठ वर्षांचं उत्पन्न जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि मग निवडीचे सगळे निकष बदलतात.

## टप्पा २: नमुने मागवणं आणि शुद्ध करणं

एकट्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जीन बँकेत १,३०,००० पेक्षा जास्त नमुने आहेत, सगळे तपासणं कुणालाच शक्य नाही. आणि डोळे मिटून शंभर उचलणं म्हणजे सगळं नशिबावर सोडणं. दोन सरळ रस्ते आहेत.

एक म्हणजे कोअर किंवा मिनी कोअर संच. पूर्ण संग्रहातली विविधता थोडक्या नमुन्यांत बसवलेली असते, उदा. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने हरभऱ्याच्या १६,९९१ नमुन्यांतून १,९५६ चा कोअर आणि त्यातून फक्त २११ चा मिनी कोअर काढलाय. कुठल्या गुणाचा शोध आहे तेच अजून धूसर असेल तर इथून सुरुवात करा.

दुसरा रस्ता म्हणजे जिथून नमुना गोळा केला त्या जागेचं हवामान-माती बघून निवडणं, याला फिग्स पद्धत म्हणतात. जिथे पिढ्यान् पिढ्या खारट जमिनीत पीक घेतलंय तिथल्या वाणात क्षार सोसायचा गुण असायची शक्यता जास्त, इतकं साधं तर्कशास्त्र आहे. फक्त एक काळजी घ्या, नोंदीतले अक्षांश-रेखांश कधी कधी शेताचे नसतात, बी जिथे मिळालं त्या बाजाराचे असतात, किंवा कोरड्या प्रदेशातला नमुना प्रत्यक्षात कॅनॉलखालच्या शेतातला निघतो. नकाशावर टाकून एकदा नजर फिरवा.

वन्य जातींकडे लगेच पळू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आधी त्याच पिकाचे जुने स्थानिक वाण, मग सहज संकर होणाऱ्या वन्य जाती (हरभऱ्यात सायसर रेटिक्युलेटम वगैरे), आणि लांबच्या जाती अगदी शेवटी. लांबच्या जातीत गुण भारी असतो, पण त्याच्यासोबत दाणे गळणं, वांझपणा, उशीरा फुलणं असं ओझं येतं आणि ते उतरवण्यात वर्षं जातात.

कागदपत्रांचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय करारात येणाऱ्या पिकांसाठी ठरलेला साहित्य हस्तांतरण करार सही करावा लागतो. बी कुणाला पुढे द्यायचं, वाण आल्यावर काय देणं लागतं, हे आधीच वाचून घ्या, वाण तयार झाल्यावर नको.

आता या टप्प्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जीन बँकेतून आलेलं पाकीट म्हणजे शुद्ध वाण नव्हे. जुना वाण मुळातच मिश्र असतो, एका पाकिटात तीन-चार तऱ्हेची झाडं निघतात. त्यामुळे पहिला हंगाम फक्त बी वाढवायला आणि एकेका झाडाचं बी वेगळं करायला द्या, प्रत्येक झाडाच्या वंशाला वेगळा नंबर टाका, आणि पुढची चाचणी, डीएनए नमुना आणि क्रॉस हे तिन्ही त्या एकाच नंबरच्या बियाण्यावर करा. मोजलं एक झाड, डीएनए घेतला दुसऱ्याचा आणि क्रॉस केला तिसऱ्याशी, ही चूक इतकी कॉमन आहे आणि ती नंतर कधीच सापडत नाही, नुसतं "मार्कर काम करत नाही" एवढंच दिसतं.

याच हंगामात कुठला नमुना कधी फुलतो ते लिहून ठेवा. दूरच्या अक्षांशावरचे काही वाण दिवसाची लांबी जुळली नाही म्हणून फुलतच नाहीत, ते इथेच बाजूला काढा. फुलोऱ्याची ही तारीख पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा ३: ताणाची चाचणी

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश.

३.१ जोडी लावा. प्रत्येक चाचणी दोन ठिकाणी: एक ताण दिलेला प्लॉट आणि शेजारी पूर्ण पाणी-खत दिलेला, पेरणी त्याच दिवशी. नुसता ताणाचा प्लॉट लावला तर जे दिसतं ते ताण सोसणं आहे की मुळातच जोमदार वाण आहे हे सांगताच येत नाही.

३.२ माहितीतले चेक, म्हणजे तुलनेसाठीचे वाण, घाला. एक सोसणारा आणि एक न सोसणारा, आणि दोघं प्रत्येक ब्लॉकमधे पुन्हा पुन्हा. भाताच्या क्षारतेत एफएल४७८ आणि आयआर२९ ही नेहमीची जोडी. न सोसणारा चेक जर मजेत उभा असेल तर तुमचा ताण लागलेलाच नाही, त्या दिवसाच्या नोंदी वापरू नका.

३.३ लवकर येणारा वाण म्हणजे सहनशील वाण नव्हे. पाणी संपायच्या आत दाणे भरून मोकळा होणारा वाण ताणाला चुकवतो, सोसत नाही. चुकवणं पण उपयोगी असतं, पण ते पाहिजे असेल तर सरळ लवकर येणारा वाण निवडा, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. त्यामुळे मागच्या हंगामातल्या फुलोऱ्याच्या तारखांवरून नमुन्यांचे गट पाडा, उशीरा फुलणारे आधी पेरा, लवकरचे नंतर, म्हणजे ताण देताना सगळे साधारण एकाच अवस्थेत असतील (आणि पूर्ण पाण्याच्या प्लॉटमधे पण पेरणी त्याच टप्प्यांनी). एवढं शक्य नसेल तर किमान गटागटातच तुलना करा.

३.४ ताण किती द्यायचा. फार हलका दिला तर क्रमवारी पूर्ण पाण्यातल्यासारखीच येते, म्हणजे नवीन काही कळलं नाही. फार कडक दिला तर सगळेच मरतात आणि जो कसाबसा जिवंत राहिला तो नंबर एक ठरतो, पण त्याला दाणेच नसतात. चेकचं उत्पन्न साधारण निम्म्यावर येईल इतका ताण धरून चाला, क्षेत्रात खरोखर याहून जास्त येत असेल तर तसा वाढवा.

३.५ कुंड्यांवर विसंबू नका. कुंडीत माती ठराविक, म्हणून पाणी पण ठराविक, त्यामुळे मोठं पसरलेलं झाड ते लवकर पिऊन टाकतं आणि आधी सुकतं, खुरटं झाड हळूहळू पितं आणि हिरवं राहतं. मग निवड होते खुरटेपणाची! खोल मुळांचा फायदा तर कुंडीत दिसूच शकत नाही. क्षारतेसाठी रोपावस्थेत पोषक द्रावणात चाचणी ठीक आहे: भातात आधी काही दिवस सहा आणि मग बारा डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत (हे विद्युत वाहकतेचं म्हणजे ईसीचं माप, त्यावरून क्षार कळतात) मीठ वाढवतात, सामू रोज बघावा लागतो. पण तिचा निकाल रोपावस्थेपुरताच धरायचा.

३.६ काय मोजायचं. पानं गुंडाळणं, करपणं यांना गुण द्या, सोपं आहे, पण निर्णय घ्या दाण्याच्या वजनावर. बाकीची मोजमापं कारण समजायला: क्षारतेत पानातलं सोडियम आणि पोटॅशियम, उष्णतेत भरलेल्या दाण्यांचं प्रमाण, दुष्काळात पिकाच्या पानांच्या छत्राचं तापमान. आणि मातीचं मोजमाप विसरू नका. क्षारपड शेतात चार पावलांवर क्षार बदलतात, म्हणून प्लॉटागणिक ईसी घ्या, दुष्काळात वेगवेगळ्या खोलीवरची ओल घ्या. नमुने शेकड्यात असतील आणि प्रत्येकाचं बी मूठभरच असेल तर ऑगमेंटेड आराखडा वापरा, म्हणजे नमुने एकदाच लावायचे आणि चेक वारंवार, चेकवरून जमिनीचा फरक वजा करता येतो.

थांबा: एकाच चेकच्या वेगवेगळ्या प्लॉटमधला फरक जर नमुन्यानमुन्यांतल्या फरकाएवढा असेल तर ही चाचणी सोडून द्या. तिच्यावर क्रॉस ठरवू नका, कितीही मेहनत गेलेली असली तरी. दुसऱ्या हंगामात परत लावा, आणि दोन्ही हंगामांत वर राहिलेलेच पुढे न्या.

## टप्पा ४: जनक ठरवणं आणि क्रॉस

ज्या वाणात गुण घालायचाय तो शेतकरी आत्ता खरोखर लावतात तो असावा. तुमच्याकडे प्रयोगाला सोपा आहे म्हणून जुना सोडून दिलेला वाण घेऊ नका.

गुण देणारा जनक (दाता) निवडताना नुसतं दिसण्यावर जाऊ नका. भातात दुष्काळातल्या उत्पन्नावर मोठा परिणाम करणारा qडीटीवाय१२.१ नावाचा गुणसूत्राचा भाग वंदना आणि वे रारेम या वाणांच्या संकरात सापडला, आणि उपयोगी अलील (जनुकाचं रूप) आलं होतं वे रारेमकडून, जो स्वतः दुष्काळात कमजोर आहे. म्हणजे कमजोर दिसणाऱ्या वाणातही एखादा चांगला तुकडा दडलेला असू शकतो, बाकीच्या जनुकांमुळे तो दिसत नाही इतकंच. म्हणून तीन-चार वेगळ्या पार्श्वभूमीचे दाते घ्या, सगळी भिस्त एकावर ठेवू नका.

स्वपरागीकरणाच्या पिकात शेतकऱ्यांचा वाण आई ठेवा आणि दाता बाप. पुंकेसर काढताना एखादं राहिलं आणि आपोआप बी धरलं, तर ते रोप हुबेहूब आईसारखं निघतं आणि पकडता येतं. तरी नजरेवर सोडू नका, एफ१ चं, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीचं, प्रत्येक रोप दोन्ही पालकांत वेगळ्या असलेल्या दोन-तीन मार्करवर तपासा. खोट्या एफ१ वर वर्षभर काम करणं फार महागात पडतं.

वन्य जातीशी संकर असेल तर भ्रूण प्रयोगशाळेत वाचवावा लागू शकतो आणि एफ१ वांझ निघू शकतो. गव्हात डुरम गहू आणि एजिलॉप्स टाऊशी हे वन्य गवत यांचा संकर करून कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करतात, तेव्हा कुठे सहा संचांचा कृत्रिम गहू मिळतो आणि तो नेहमीच्या गव्हाशी सरळ जुळतो. असा मधला टप्पा कुणी आधीच तयार करून ठेवला असेल तर तोच मागवा.

## टप्पा ५: रस्ता कुठला, बॅकक्रॉस की पिढीवार निवड

एक-दोन मोठ्या परिणामाची जनुकं असतील (सब१ए, क्षारतेचं सॉल्टॉल) तर मार्कर लावून बॅकक्रॉस, म्हणजे संकराचा शेतकऱ्यांच्या वाणाशी (पुढे मूळ वाण) पुन्हा पुन्हा क्रॉस. बरेच छोटे छोटे भाग मिळून गुण बनत असेल, आणि दुष्काळातलं उत्पन्न बहुतेक वेळा असंच असतं, तर बॅकक्रॉसच्या मागे लागू नका, मोठी संख्या वाढवून प्रत्यक्ष ताणात निवड करा किंवा जीनोमिक निवड (सगळ्या जीनोमवरच्या मार्करवरून गुणाचा अंदाज बांधून केलेली निवड) वापरा.

बॅकक्रॉसमधे मूळ वाणाचा वाटा सरासरीने असा वाढतो: एफ१ मधे ५०, मग ७५, ८७.५ आणि तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के. पण हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. तुमच्या जनुकाच्या अगदी आजूबाजूचा तुकडा या सरासरीने जात नाही, तो चिकटून येतो, आणि त्रास तिथेच असतो. भातात बुटकेपणाचं एसडी१ जनुक आणि दुष्काळातल्या उत्पन्नाचा qडीटीवाय१.१ पहिल्या गुणसूत्रावर जवळ जवळ आहेत, त्यामुळे बुटकेपणा निवडता निवडता आधुनिक वाणांतून हा उपयोगी भाग निसटत गेला, आणि आता तो परत आणायला गेलं की सोबत उंची येते. अशी जोडी तोडायला झाडांची संख्याच लागते.

क्रम असा ठेवा:

1. पहिल्या बॅकक्रॉसमधे आधी ज्यांच्यात जनुक आलंय ती रोपं वेगळी करा, साधारण निम्मी असतात.
2. त्यांच्यातून जनुकाच्या एका बाजूला दात्याचा तुकडा तुटलेली रोपं शोधा. ५ सेंटीमॉर्गनच्या (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) आत तुटलेलं किमान एक रोप ९५ टक्के खात्रीने मिळायला जनुक असलेली सुमारे ५९ रोपं लागतात, १ सेंटीमॉर्गनच्या आत हवं असेल तर सुमारे ३००.
3. त्या थोडक्या रोपांतून बाकीचा जीनोम मूळ वाणासारखा सगळ्यात जास्त असलेलं निवडा.
4. दुसऱ्या बॅकक्रॉसमधे दुसऱ्या बाजूला तुटलेलं शोधा. दोन्ही बाजूंनी एकाच पिढीत तुटलेलं मिळणं दुर्मिळ, त्याची वाट बघू नका.
5. शेवटी स्वपरागीकरण करून जनुक दोन्ही प्रतींत असलेली झाडं घ्या. एक जनुक असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी ११ झाडं पुरतात, दोन असतील तर ४७, तीन असतील तर १९१. पाच-सात झाडं लावून तीन जनुकं एकत्र करायला बघणाऱ्यांनी हा हिशोब भिंतीवर लावावा.

पिढीवार निवडीच्या रस्त्यावर मुख्य चूक म्हणजे एफ२ मधे एकेका झाडाचं उत्पन्न बघून कडक निवड करणं. एका झाडावरून ताणातलं उत्पन्न कळत नाही आणि निम्मी जनुकं अजून स्थिर पण नसतात. इथे उंची, रोग, फुलोरा एवढ्यावरच छाटणी करा, एका झाडाचं एक बी घेत एफ५ पर्यंत जा आणि मगच ओळीओळींची (ओळ म्हणजे एका झाडापासून वाढवलेला वंश) ताण चाचणी लावा. गहू, बार्ली, हरभऱ्यात रोज २२ तास प्रकाश देऊन वर्षात सहापर्यंत पिढ्या काढता येतात, भातासारख्या लहान दिवसाच्या पिकाला मात्र हे असं चालत नाही.

मार्करबद्दल सावधान: पेपरातला मार्कर तुमच्या पालकांत वेगळा दिसतो का ते क्रॉसच्या आधी बघा. दुसरं म्हणजे संदर्भ जीनोममधे (तुलनेसाठी वापरतात त्या वाणाच्या पूर्ण डीएनएच्या नोंदीत) सगळी जनुकं असतीलच असं नाही. कमी स्फुरदात तग धरायला मदत करणारं पीस्टॉल१ हे जनुक कासालथ या वाणात आहे, पण ज्याचा जीनोम संदर्भ म्हणून वापरतात त्या निप्पोनबारेत ते नाहीच. नुसतं संदर्भाशी ताडून बघत बसलात तर अशी जनुकं तुमच्या यादीत कधीच येणार नाहीत.

## टप्पा ६: तयार ओळींची परीक्षा

इथे तुलना एकाशीच: मूळ वाण. नवीन ओळ आणि मूळ वाण शेजारी शेजारी, ताणात पण आणि चांगल्या परिस्थितीत पण, निदान दोन-तीन हंगाम आणि वेगवेगळ्या जागी. स्वर्णा-सब१ (सब१ए घातलेला स्वर्णा भात) शेतकऱ्यांनी घेतला कारण पूर न आलेल्या वर्षी तो स्वर्णाइतकाच पिकतो आणि दाणाही तसाच असतो. डुरम गव्हात वन्य नातेवाईकाकडून आलेल्या सोडियम रोखणाऱ्या जनुकाने खारट शेतात उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढलं आणि साध्या जमिनीत घट आली नाही. ताण नसताना मार खाणारी ओळ कितीही सहनशील असली तरी शेतकरी दुसऱ्या वर्षी ती लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

टक्क्यातली घट बघून ओळी निवडू नका, प्रत्यक्ष किलो बघा. चांगल्या परिस्थितीत २० क्विंटल आणि ताणात १८ देणारी ओळ फक्त १० टक्के घटते, दुसरी ५० वरून ३० वर येते म्हणजे ४० टक्के घट, पण ताणातसुद्धा धान्य दुसरीच जास्त देते. टक्केवारीच्या निर्देशांकावर आंधळेपणाने निवड केली की मुळातच कमी पिकणाऱ्या ओळी वर येतात.

दाण्याचा दर्जा, शिजणं, रोग-किडी, लोळणं याची तपासणी याच टप्प्यात, शेवटच्या वर्षावर ढकलू नका. शेतकऱ्यांना प्लॉटमधे बोलवा आणि कुठली ओळ का आवडली ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, उत्पन्नाच्या तक्त्यात न दिसणारे दोष तेच पहिल्यांदा दाखवतात.

## टप्पा ७: बी टिकवणं

मूळ वाण आणि नवीन ओळ दिसायला एकसारखे असतात, म्हणून भेसळ झाली तर डोळ्यांनी ओळखू येत नाही, ताण आल्यावरच कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे बियाण्याच्या प्रत्येक वाढीला लॉटमधून रोपं काढून जनुकाचा मार्कर तपासा, मळणीचं मशीन आणि पोती दोन लॉटच्या मधे साफ करा, आणि सुरुवातीच्या शुद्ध बियाण्याचा एक भाग थंड कोरड्या साठ्यात वेगळा ठेवा. चाचणीत मागे पडलेल्या नमुन्यांची आकडेवारी पण जीन बँकेला कळवा, टप्पा १ मधल्या ताणाच्या वर्णनासकट, म्हणजे पुढचा माणूस तेच नमुने त्याच ताणासाठी परत मागवणार नाही.